ब्राझीलमधील कृष्णवर्णीयांसाठीचे आरक्षण: पात्रता कोण ठरवतो आणि पदवीनंतर काय?

दक्षिणायन (धागालेखक)

आरक्षणावरचे आपल्याकडचे बहुतेक धागे चार-पाच प्रतिसादांत मंडल आयोग आणि पन्नास टक्क्यांच्या मर्यादेपाशी येऊन अडकतात, म्हणून या वेळी मुद्दाम दुसऱ्या देशाचा विषय घेतो आहे. अटलांटिक ओलांडून आणलेल्या गुलामांपैकी सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४८ लाख माणसे ब्राझीलमध्ये उतरवण्यात आली, आणि गुलामगिरी कायद्याने संपवणारा तो अमेरिका खंडातला शेवटचा देश ठरला. १३ मे १८८८ रोजीच्या त्या कायद्यात अवघी दोन कलमे होती. पहिल्याने गुलामगिरी रद्द झाली, दुसऱ्याने त्याविरुद्धचे नियम रद्द झाले. जमीन, भरपाई, शाळा यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. जमिनीची वाट तर आधीच बंद करून ठेवलेली होती, कारण १८५० च्या जमीन कायद्याने सरकारी पडीक जमीन कसून नव्हे तर केवळ विकत घेऊनच मिळेल असे ठरवले होते. मोकळ्या झालेल्या मजुराकडे पैसा नव्हता, आणि त्याच काळात कॉफीच्या मळ्यांवर युरोपातून मजूर आणण्यासाठी सरकारी तिजोरीतून प्रवासखर्च दिला जात होता.

ब्राझीलमध्ये राखीव जागांची कल्पना कृष्णवर्णीयांसाठी प्रथम आली, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. १९६८ मध्ये लष्करी राजवटीने एक कायदा केला, त्याला लोक 'बैलाचा कायदा' म्हणत. कृषी आणि पशुवैद्यक शाखांतील निम्म्या जागा शेतकऱ्यांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी त्यात राखल्या होत्या. लाभ प्रामुख्याने जमीनदारांच्या मुलांनी घेतला. तो १९८५ पर्यंत चालू होता, आणि 'गुणवत्तेचे काय' हा प्रश्न त्या काळात फारसा कोणाला छळत नव्हता. उलट १९८३ मध्ये अब्दियास दो नासिमेंतो या कृष्णवर्णीय खासदाराने नोकऱ्या आणि शिक्षणात भरपाईच्या उपायांचे विधेयक मांडले, तेव्हा ते पुढे सरकलेच नाही.

सध्याचा मुख्य कायदा २०१२ चा आहे. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय चर्चेला अर्थ नाही, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. तिथे केंद्र सरकारची विद्यापीठे उत्तम आहेत आणि शुल्क घेत नाहीत. माध्यमिक शाळांत मात्र खासगी चांगल्या आणि सरकारी दुबळ्या. परिणाम असा की पैसेवाले घर मुलाला खासगी शाळेत घाली, प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीचे पैसे भरी, आणि नंतर वैद्यकीय शिक्षण सरकारी खर्चाने मिळवी. गरिबाचा मुलगा सरकारी शाळेतून बाहेर पडून, जमलेच तर, रात्रीच्या खासगी महाविद्यालयात पैसे मोजून शिके. २०१२ च्या कायद्याने प्रत्येक अभ्यासक्रमाच्या आणि दिवस-रात्रीच्या प्रत्येक पाळीच्या निम्म्या जागा सरकारी शाळेतून संपूर्ण उच्च माध्यमिक शिक्षण घेतलेल्यांसाठी राखल्या. त्यातील निम्म्या जागा दरडोई कौटुंबिक उत्पन्न किमान वेतनाच्या दीडपटीच्या आत असलेल्यांना, आणि या दोन्ही भागांत त्या त्या राज्यातील जनगणनेच्या प्रमाणात कृष्णवर्णीय, पार्दो म्हणजे मिश्रवर्णीय, आणि मूलनिवासी यांना. म्हणजे आधी शाळा, मग उत्पन्न, मग वर्ण अशी ही उतरंड आहे. २०२३ च्या दुरुस्तीने उत्पन्नाची मर्यादा एका किमान वेतनावर आणली आणि प्रत्येक उमेदवाराचा विचार आधी खुल्या यादीत व्हावा असे ठरवले, जे आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचे वाटेल.

माझा प्रश्न असा की ज्या देशात शेकडो वर्षे वर्णसंकर झाला, जिथे १९७६ च्या एका सरकारी पाहणीत लोकांनी आपल्या रंगाची शंभराहून अधिक नावे सांगितली, तिथे लाभार्थी कोण हे ठरवायचे कसे? आणि प्रवेश मिळाल्यावर आर्थिक अंतर खरोखर कमी होते का?

उंबरठा

लेखातील रचनाच माझ्या शंकेचे कारण आहे. शाळा आणि उत्पन्न या दोन गाळण्या लावल्यानंतर उरणारा मुलगा गरीबच असणार. मग त्याच्या रंगाची चौकशी कशासाठी? गरीब गोऱ्या मजुराच्या मुलाला तिसऱ्या गाळणीत मागे ठेवण्याचे समर्थन निव्वळ इतिहासाच्या आधारे करता येईल असे मला वाटत नाही.

सांतोसकर

मी साओ पाउलो राज्यात नोकरीनिमित्त राहतो, म्हणून उंबरठा यांच्या शंकेला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. एक गोष्ट आधी स्पष्ट व्हावी, ती म्हणजे गरीब गोरा मुलगा या रचनेतून बाहेर पडत नाही. सरकारी शाळा आणि उत्पन्न या दोन पायऱ्यांवर त्याला त्याचा वाटा मिळतोच. तिसरी पायरी फक्त एवढे पाहते की त्या वाट्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण राज्यातील प्रमाणाइतके राहावे.

दारिद्र्य सारखे असले तरी त्यातून बाहेर पडण्याची संधी सारखी नसते, हे तिथल्या सांख्यिकी संस्थेच्याच आकड्यांतून दिसते. २०१८ मध्ये गोऱ्या कामगाराची सरासरी मासिक कमाई कृष्णवर्णीय आणि पार्दो कामगाराच्या कमाईपेक्षा ७३.९ टक्क्यांनी अधिक होती. याचे कारण शिक्षणाचा अभाव, असे कोणी म्हणेल. पण केवळ पदवीधरांची तुलना केली तरी तासाच्या मोबदल्यात गोरा पदवीधर सुमारे ४५ टक्क्यांनी पुढे होता. व्यवस्थापकीय पदांपैकी ६८.६ टक्के गोऱ्यांकडे होती, आणि देशातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या मात्र स्वतःला कृष्णवर्णीय किंवा पार्दो म्हणवते. उत्पन्नाची गाळणी हे अंतर पकडू शकत नाही, कारण हे अंतर गरिबीच्या रेषेच्या वरच्या बाजूलाही रुंदच आहे.

इथल्या उंच इमारतींत दोन उद्वाहने असतात, एक रहिवाशांचे आणि एक कामाचे. कामवाली, सामान पोचवणारा आणि कुत्रा फिरवणारा यांनी दुसरे वापरावे असा अलिखित दंडक असतो. साओ पाउलो शहरात वर्णावरून असा भेद करण्यास मनाई करणाऱ्या पाट्या उद्वाहनाच्या दाराशी लावाव्या लागतात. सूट घातलेल्या माझ्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याला दरवानाने सहज, अगदी सौजन्याने, दुसऱ्या दाराकडे हात दाखवलेला मी पाहिला आहे. त्या दरवानाने त्याचे उत्पन्न विचारले नव्हते.

पाटीपेन्सिल

सांतोसकर, आपला मुद्दा पटला. पण मग धागालेखकाच्या मूळ प्रश्नाकडे वळू या. दरवान चेहरा पाहतो म्हणून सरकारनेही चेहराच पाहायचा का? मी असे ऐकले आहे की तिथे समित्या उमेदवाराला समोर बसवून तो पुरेसा काळा आहे की नाही हे ठरवतात. मला तरी हे वासाहतिक काळात डोक्याचा घेर आणि नाकाची रुंदी मोजणाऱ्या अधिकाऱ्यांच्या फार जवळचे वाटते.

सांतोसकर

ऐकले ते खरे आहे, फक्त त्यामागचा क्रम लक्षात घ्यायला हवा. २०१२ च्या कायद्यात केवळ स्वतःची घोषणा पुरेशी होती. काही वर्षांतच वैद्यकीयसारख्या चुरशीच्या अभ्यासक्रमांत राखीव जागांवर गोरेपान विद्यार्थी दिसू लागले. कोणाची पणजी कृष्णवर्णीय होती, कोणी उन्हात रापलेला होता. यावर ओरड सरकारने किंवा विरोधकांनी केली नाही, ती कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनांनी केली. यादीतील नावे आणि समाजमाध्यमांवरील छायाचित्रे शेजारी ठेवून त्यांनी विद्यापीठांना जाब विचारला, आणि त्यातून पुढे अनेकांचे प्रवेश रद्द झाले.

केंद्रीय नोकरभरतीसाठी २०१८ मध्ये जी नियमावली आली तिचे अनुकरण पुष्कळ विद्यापीठांनी केले. समितीत पाच सदस्य असतात, आणि ते लिंग आणि वर्ण या दृष्टीने मिश्र असावेत असा दंडक आहे. उमेदवार कॅमेऱ्यासमोर येतो आणि साऱ्या प्रक्रियेचे चित्रण होते. वंशावळ, आजोबांचे दाखले, जुनी छायाचित्रे यांपैकी काहीही ग्राह्य धरले जात नाही. पाहायचे ते केवळ त्या क्षणीचे बाह्यरूप. शंका उरली तर उमेदवाराची स्वतःची घोषणा खरी मानायची. नकार मिळाल्यास वेगळ्या त्रिसदस्य समितीकडे अपील करता येते. मोजपट्टी किंवा रंगाचा तक्ता वापरला जात नाही, म्हणून मोजमाप करणाऱ्या अधिकाऱ्याची तुलना मला तंतोतंत लागू वाटत नाही.

तरीही पाटीपेन्सिल यांची अस्वस्थता निराधार नाही. ब्राझीलिया विद्यापीठाने २००४ मध्येच स्वतःहून २० टक्के जागा राखल्या होत्या आणि तेव्हा छायाचित्रांवरून निवाडा होई. २००७ मध्ये तिथे दोन एकसारख्या जुळ्या भावांपैकी एक पात्र आणि दुसरा अपात्र ठरला. मग छायाचित्रे जाऊन मुलाखती आल्या.

दक्षिणायन

या जुळ्यांच्या प्रकरणाचा विरोधकांनी भरपूर वापर केला, आणि तो होणारच होता. पण ज्या खटल्यात या साऱ्याचा निकाल लागला त्यातील युक्तिवाद मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ब्राझीलिया विद्यापीठाच्या योजनेला एका राजकीय पक्षाने आव्हान दिले होते आणि २६ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने फेटाळले. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती रिकार्दो लेवांदोव्स्की यांनी असे म्हटले की जैविक अर्थाने वंश नसतो हे मान्यच आहे; परंतु भेदभाव करणारा समाज ज्या सामाजिक वर्गवारीच्या आधारे माणसाला खाली ढकलतो, तीच वर्गवारी त्याला वर काढण्यासाठी राज्याला वापरता येते. अशी धोरणे अमेरिकेत जन्मली हा समजही त्यांनी खोडून काढला आणि त्यांचे मूळ भारतात असल्याचे नमूद केले. २६ जुलै १९०२ च्या कोल्हापूरच्या जाहीरनाम्याची आठवण आपल्याला इथे होणे स्वाभाविक आहे.

सांतोसकरांचा दरवान आणि ही समिती यांच्यातला संबंध असा आहे. ब्राझीलमधील भेदभाव बाह्यरूपावरून होतो, वंशावळीवरून होत नाही. म्हणूनच पणजीचा दाखला समितीच्या उपयोगाचा नाही. ज्याला रस्त्यावर कोणी कृष्णवर्णीय समजत नाही त्याने पणजीमुळे काही सोसलेले नसते.

काळीनदी

मी उत्तर कन्नड जिल्ह्यातला, मराठी शाळेत शिकलेला. हा विषय दूरच्या देशाचा आहे असे धागालेखक म्हणतात. आमच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात तो घरापासून फार लांब नाही. सिद्दी समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या कडेने राहतो. गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी जे निसटून घाट चढले त्यांचे हे वंशज, असे साधारणपणे मानले जाते. म्हणजे ब्राझीलमध्ये मळ्यांतून पळालेल्यांनी जंगलात ज्या वस्त्या केल्या त्यांचा आणि यांचा मालक एकच, म्हणजे पोर्तुगीज, होता. सिद्दींत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि घरातली बोली कोकणीच्या अंगाने जाणारी, मराठी-कानडी मिसळलेली आहे.

गुजरातेत सौराष्ट्रातील सिद्दी पूर्वीपासून अनुसूचित जमातीत होते. कर्नाटकात तो दर्जा २००३ मध्ये आला, तोही 'सिद्दी (उत्तर कन्नड जिल्हा)' अशा नोंदीने. आता खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात येतो आणि कलघटगी धारवाड जिल्ह्यात. जंगल तेच, नातीगोती तीच, लग्ने एकमेकांत होतात, पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की भाऊ आदिवासी उरत नसे. बहीण हल्याळला दिली तर तिच्या मुलांना शिष्यवृत्ती, आणि खानापूरला राहिलेल्या भावाच्या मुलांना नाही. बेळगाव आणि धारवाड ही दोन नावे त्या नोंदीत घालायला २०२० साल उजाडावे लागले.

ब्राझीलच्या समितीसमोर आमचा सिद्दी मुलगा उभा राहिला तर एका मिनिटात पात्र ठरेल. तहसील कार्यालयात मात्र त्याच्या चेहऱ्याला किंमत नाही; तिथे वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहतात. वडील शाळेत गेले नसतील तर आजोबांचे पाहतात, आणि आजोबा तर कोणाच्या तरी बागायतीत गड्याचे काम करत होते. मुख्याध्यापकाने नुसता धर्म लिहून ठेवला असेल तर ती ओळ दुरुस्त करण्यात मुलाचे वर्ष जाते. पाटीपेन्सिल यांना चेहरा पाहणे अपमानास्पद वाटते ते मी समजू शकतो, पण कागद पाहण्यात अपमान नाही असे कृपया समजू नये.

रेवदंडेकर

मग जंजिऱ्याच्या सिद्दींचे काय? तेही आफ्रिकी वंशाचेच.

काळीनदी

जंजिऱ्याचे सिद्दी राज्यकर्ते होते, त्यांच्याकडे किल्ला, आरमार आणि महसूल होता. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दी ही नोंद नाही. आफ्रिकी वंश असला की वंचितपण आपोआप येते असे नाही, हे दाखवण्यासाठी मुरूड आणि यल्लापूर शेजारी ठेवावेत. उंबरठा यांच्या शंकेतला जो भाग मला मान्य आहे तो हाच.

उंबरठा

धन्यवाद, हा फरक माझ्या मनात नेमकेपणाने नव्हता आला. वर्णाचा निकष उत्पन्नाच्या पोटात ठेवण्याला माझा विरोध आता उरलेला नाही. उत्पन्न वगळून नुसता वर्ण ठेवण्याला तो कायम आहे. ब्राझीलच्या नोकऱ्यांतील आरक्षणात उत्पन्नाची अट आहे का?

सांतोसकर

नाही. २०१४ च्या कायद्याने केंद्रीय नोकऱ्यांत २० टक्के पदे दहा वर्षांसाठी राखली, आणि तिथे निकष केवळ वर्णाचा होता. २०१७ मध्ये न्यायालयाने तो कायदाही उचलून धरला. त्याचे खरे दुखणे मात्र उत्पन्नाच्या अटीचा अभाव हे नव्हते. जाहिरातीत तीन किंवा अधिक पदे असतील तरच आरक्षण लागू होई, आणि विद्यापीठांत प्राध्यापकांची पदे विभागवार, विषयवार, एकेक करून जाहीर होतात. एका पदाचे २० टक्के काढता येत नाहीत! त्यामुळे कायदा पाळूनही अध्यापकवर्ग जवळजवळ होता तसाच राहिला. आपल्याकडे विद्यापीठ एकक धरायचे की विभाग, यावरून रोस्टरचा, म्हणजे राखीव पदांच्या क्रमवारीचा, जो वाद झाला तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. जून २०२५ च्या नव्या कायद्याने वाटा ३० टक्क्यांवर नेला, त्यात मूलनिवासी आणि किलोंबोला, म्हणजे पळालेल्या गुलामांच्या वस्त्यांचे वंशज, यांना घेतले आणि किमान पदांची अट दोनवर आणली.

खासगी क्षेत्रात सक्ती नाही. २०२० मध्ये मागाझिने लुइझा या मोठ्या किरकोळ विक्री कंपनीने भावी व्यवस्थापकांची प्रशिक्षणार्थी भरती फक्त कृष्णवर्णीयांसाठी खुली केली तेव्हा मोठे वादळ उठले. 'उलटा वंशवाद' हा शब्दप्रयोग तेव्हा रोज कानावर येई. आधीच्या भरत्यांमधून निवडले जाणारे प्रशिक्षणार्थी जवळजवळ सगळे गोरे निघत होते, याकडे मात्र त्या वादळात कोणी फारसे पाहिले नाही.

पाटीपेन्सिल

विद्यापीठांत तरी फरक पडला का?

दक्षिणायन

पडला, आणि तो मोठा आहे. २०१८ मध्ये सार्वजनिक उच्च शिक्षणसंस्थांत कृष्णवर्णीय आणि पार्दो विद्यार्थी मिळून प्रथमच निम्म्यावर, ५०.३ टक्क्यांवर गेले. साओ पाउलो विद्यापीठ राज्य सरकारचे असल्यामुळे केंद्राच्या कायद्याबाहेर होते आणि दीर्घकाळ अडून बसले होते. त्यानेही २०१७ मध्ये राखीव जागा स्वीकारल्या. प्रवेशानंतरचा प्रश्न पोटापाण्याचा असतो. दिवसभराच्या अभ्यासक्रमातला गरीब विद्यार्थी कमावणार कधी? यासाठी २०१३ मध्ये मासिक ४०० रेआलची भत्ता योजना आली, आणि मूलनिवासी आणि किलोंबोला विद्यार्थ्यांना ९०० रेआल ठेवले गेले, कारण त्यांचे गाव विद्यापीठापासून लांब असते आणि खोलीभाडे चुकत नाही. २०२३ पर्यंत हे आकडे वाढले नाहीत, महागाई मात्र वाढत राहिली. प्रवेशाच्या टक्क्यांवर जितकी शाई खर्च होते तिचा दहावा हिस्साही या भत्त्यावर होत नाही, ही माझी तक्रार दोन्ही देशांबाबत आहे.

काळीनदी

किलोंबोला लोकांच्या जमिनीविषयी कोणी लिहावे अशी विनंती. आमच्याकडे शिष्यवृत्तीपेक्षा वनहक्काच्या दाव्यांची चर्चा अधिक होते.

सांतोसकर

१९८८ च्या संविधानाने या वस्त्यांना त्यांच्या ताब्यातील जमिनीची मालकी दिली आणि राज्याने सनदा द्याव्यात असे सांगितले. प्रत्यक्षात काय झाले ते २०२२ च्या जनगणनेत दिसते. त्या वर्षी किलोंबोलांची प्रथमच स्वतंत्र गणना झाली आणि त्यांची संख्या १३ लाखांच्या वर निघाली. त्यांपैकी १२.६ टक्के लोक अधिकृतपणे हद्द आखलेल्या प्रदेशात राहतात, आणि सनद हाती आलेल्या प्रदेशात पाच टक्केही नाहीत. शासनाने कागद हलवायचा, मोजणी करायची, मध्ये शिरलेल्या खासगी मालकांना भरपाई द्यायची, आणि या प्रत्येक टप्प्यावर अंदाजपत्रकात पैसा कमी पडतो.

सनद मिळाली तरी ती सामूहिक असते. जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, जप्तही होत नाही. ही तरतूद संरक्षणासाठी आहे आणि ती योग्यच आहे, कारण ती नसती तर पहिल्या दुष्काळातच निम्मी जमीन सोयाबीनवाल्यांनी घेतली असती. पण बँकेच्या दारात तारण म्हणून हा कागद चालत नाही.

काळीनदी

वनहक्काच्या पट्ट्याचेही नेमके तेच आहे. वारसाने मिळतो, विकता येत नाही. आणि बँकेचा अधिकारी तो उलटसुलट पाहून परत करतो. मग तिथे भांडवल येते कुठून?

सांतोसकर

पूर्णपणे येत नाहीच. एक तरतूद मात्र मला कर्जयोजनांपेक्षा अधिक उपयोगी वाटते. २००९ च्या शालेय आहार कायद्याने केंद्राकडून मिळणाऱ्या आहारनिधीतील किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून थेट खरेदी करण्यासाठी वापरणे बंधनकारक केले, आणि त्यात मूलनिवासी आणि किलोंबोला वस्त्यांना अग्रक्रम दिला. निविदेची अट त्यासाठी शिथिल आहे. गावातली कसाव्याची भाकरी, केळी, भोपळा तालुक्याच्या शाळेत जातो आणि पैसे नगरपालिकेकडून येतात. अडचणी आहेतच: विक्रेत्याची नोंदणी लागते, वाहन लागते, मालाचा ठरलेला दर्जा आणि ठरलेला वार पाळावा लागतो, आणि काही नगरपालिका 'पुरवठादार मिळाले नाहीत' असे लिहून मोकळ्या होतात. तरी जिथे ही खरेदी नियमित होते तिथे वस्तीच्या हाती वर्षभराच्या मागणीचा करार असतो, आणि सहकारी पतसंस्था जमिनीऐवजी तो करार पाहून उचल देऊ शकते. यल्लापूरच्या वस्त्यांत मध आणि कोकम निघत असेल तर शाळा आणि वसतिगृहांच्या खरेदीत त्यांना असा राखीव हिस्सा मिळवून देण्यासाठी नवा कायदा करावा लागेल की राज्याच्या खरेदी नियमातील दुरुस्ती पुरेल, हे कर्नाटकातील नियमांची माहिती असलेल्या कोणी इथे लिहिले तर बरे होईल.